दसऱ्याची गाडी, पाडव्याचं ऑइल

दसऱ्याच्या संध्याकाळी दिल्लीच्या मयूर विहारमधल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारली, तर एखाद-दुसरी नवी गाडी हमखास दिसते. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली चिरडलेली लिंबं आणि सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. मराठी घर असेल तर पुढची पायरीही ठरलेली असते. गाडीचा फोटो गावाकडे जातो आणि अर्ध्या तासात वडिलांचा फोन येतो. माझ्या वेळी बाबांनी कोल्हापूरहून आधी मनापासून कौतुक केलं आणि लगेच बजावलं, "पाचशे किलोमीटर झाले की पहिलं ऑइल काढून टाक. विसरू नकोस."

आठवड्याभरात आणखी दोन आकडे कानावर आले. शेजारचे काका म्हणाले, एक हजार. शोरूममधला मुलगा म्हणाला, दहा हजारांपर्यंत ऑइलचं नावही काढू नका. तिघंही भलं चिंतणारे, आणि तिघांचे आकडे तीन दिशांना. दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर हाच गोंधळ मी इथल्या घराघरांत पाहतो. घरानंतरचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे गाडी. तिच्या इंजिनाचं पुढचं आयुष्य ज्या साध्या गोष्टींवर अवलंबून असतं, त्यात ऑइल पहिलं. म्हणून हा प्रश्न एकदा नीट सोडवून घेऊ.

आधी उत्तर

गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढा आणि देखभालीच्या तक्त्याचं पान उघडा. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत पहिल्या ऑइलबदलाची मुदत १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने अशी काहीशी दिलेली असते. आपल्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. पण त्याच पानावर दोन गोष्टी असतात आणि बहुतेक लोक त्या वाचत नाहीत. पहिली, "यांपैकी जे आधी होईल ते". दुसरी, खडतर वापरासाठीचा वेगळा तक्ता किंवा खाली बारीक अक्षरांत दिलेली सूचना. धूळ, खोळंबत चालणारी वाहतूक, बराच वेळ उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं, पुन्हापुन्हा केलेल्या छोट्या फेऱ्या असा वापर असेल, तर ऑइल लवकर बदला, असं तिथे लिहिलेलं असतं. अनेक गाड्यांत ही मुदत नेहमीच्या निम्मी, म्हणजे ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने असते.

मयूर विहारमधल्या बहुतेक गाड्या या दुसऱ्या तक्त्यात बसतात. त्यामुळे दसऱ्याला घेतलेल्या गाडीचं पहिलं ऑइल गुढीपाडव्याच्या सुमारास बदलावं, मग मीटरवर दीड हजार किलोमीटर का असेनात. हे का, ते पुढे सांगतो.

पाचशेचा आकडा आला कुठून?

बाबांचा सल्ला खुळा नव्हता. त्यांच्या गाडीसाठी तो अगदी बरोबर होता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी त्यांनी चालवली. त्या काळी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावत. गाडी नवी आहे, हळू चालणार आहे, पुढे निघून जा, असा तिचा अर्थ. सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा यांचे पृष्ठभाग तेव्हा आजच्याइतके काटेकोर घासलेले नसत. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ते एकमेकांवर घासून जुळत आणि त्यात धातूचा बारीक चुरा निघे. कारखान्यातल्या यंत्रकामातला थोडा कचराही आत राहून जाई. ऑइल साधं खनिज तेल असे आणि फिल्टरही आजच्याइतका बारीक गाळणारा नसे. म्हणून ते पहिलं ऑइल लवकर काढणं हा शहाणपणा होता.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हापासून चित्र बदलत गेलं. आज सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर यंत्राने एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि रिंगा लवकर बसतात. इंजिनाचे भाग धुऊन, तपासून जोडलेले असतात. नव्या इंजिनातून धातूचे कण आजही निघतात. पहिल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी केली, तर लोह, तांबं, ॲल्युमिनियम हे पुढच्या ऑइलपेक्षा जास्त सापडतात आणि जोडणीच्या वेळी लावलेल्या सीलंटमधलं सिलिकॉनही दिसतं. पण हे कण बहुतांशी अतिसूक्ष्म असतात. मोठे कण फिल्टर अडवतो. गाडी बनवणाऱ्यांनी मुदत ठरवताना हा सगळा हिशेब धरलेला असतो.

काही कंपन्या पहिल्या भरणीत इंजिन जुळून येण्याच्या काळाला साजेसं ऑइल घालतात आणि ते मुदतीपूर्वी काढू नका असं सांगतात. होंडाचा सल्ला असाच आहे. याच्या उलट, बीएमडब्ल्यूच्या एम मालिकेतल्या वेगवान गाड्यांना २,००० किलोमीटरच्या सुमारास खास सर्व्हिस लागते आणि तेव्हा ऑइल बदलावंच लागतं. दोन्ही सल्ले आपापल्या इंजिनासाठी बरोबर आहेत. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

पहिल्या फ्री सर्व्हिसला ऑइल का बदलत नाहीत?

नवी गाडी घेतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत, साधारण १,००० ते १,५०० किलोमीटरला पहिली फ्री सर्व्हिस असते. गाडी धुऊन परत येते, बिलावर ऑइलचं नाव नसतं आणि घरी चर्चा सुरू होते की वर्कशॉपने फसवलं. तसं नसतं. बहुतेक गाड्यांत ही भेट तपासणीची असते. नट-बोल्ट, ब्रेक, टायरची हवा, कुलंटची पातळी, कुठे गळती आहे का, दरवाज्यांचे आवाज आणि मालकाच्या तक्रारी एवढंच तिथे पाहतात.

'फ्री' या शब्दाचाही अर्थ समजून घ्या. मोफत असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टच्या वॉशरचे पैसे पुढच्या फ्री सर्व्हिसमध्येही द्यावे लागतात. पहिली सर्व्हिस मात्र चुकवू नका, कारण वॉरंटीच्या नोंदी तिथूनच सुरू होतात. आणि तिथे "इंजिन फ्लश करून देतो", "ऑइलमध्ये एक बाटली टाकतो, इंजिन मऊ चालेल" असं कुणी म्हणालं, तर नम्रपणे नको म्हणा. हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनात धुऊन काढण्यासारखं काही साचलेलं नसतं. चांगल्या ऑइलमध्ये लागणारी सगळी द्रव्यं आधीच घातलेली असतात.

मयूर विहारची गाडी जगते कशी?

आता मुद्द्याचं. आपल्या भागात गाडी चालते कशी, ते आठवून पाहा. २००९ पासून मेट्रोची ब्ल्यू लाइन दाराशी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये त्रिलोकपुरीजवळचा तुटलेला दुवा जोडला गेला आणि पिंक लाइनही सलग झाली. ऑफिसला जाणारे बरेच जण मेट्रोने जातात. गाडी उरते ती घरकामाला. सकाळी मुलांना शाळेत सोडणं, मदर डेअरीच्या बूथवर जाणं, आचार्य निकेतनमध्ये भाजी, रविवारी नोएडाच्या सेक्टर १८ मध्ये खरेदी. एकेक फेरी दोन-चार किलोमीटरची. वर्षाअखेरी मीटरवर तीन-चार हजार किलोमीटर. मालक म्हणतो, "गाडी चाललीच कुठे? दहा हजार व्हायला तीन वर्षं लागतील."

इथेच चूक होते. मीटर फिरला नाही म्हणून ऑइल नवं राहत नाही.

मागच्या एका जानेवारीतली गोष्ट. सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी मला खाली बोलावलं. दसऱ्याची गाडी, मीटरवर जेमतेम नऊशे किलोमीटर. बॉनेट उघडून त्यांनी ऑइल भरायचं झाकण फिरवलं आणि माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा, ताज्या लोण्यासारखा थर चिकटला होता. बोटाने पुसला तर ओलसर, चिकट. काकांचा चेहरा उतरला होता. "अहो, नवी कोरी गाडी. इंजिनात पाणी शिरलं का हो?"

पाणी होतं, पण ते बाहेरून शिरलेलं नव्हतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर पडतं. हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब टपकताना दिसतात, ते हेच. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं, तर ही वाफ उडून जाते. पण कुलंट पाच-सात मिनिटांत गरम झालं, तरी ऑइल पुरतं तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. शाळेची फेरी त्याआधीच संपते. वाफ आतच थंड होते, ऑइलमध्ये घुसळली जाते आणि झाकणाखाली ते लोणी साचतं. थंड इंजिनात पेट्रोलही जरा जास्त सोडलं जातं. त्यातलं न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. पाणी आणि ज्वलनातून आलेली द्रव्यं मिळून आम्ल तयार होतं. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली द्रव्यं हळूहळू संपत जातात. गाडी चालली नऊशे किलोमीटर, पण तिच्या ऑइलने शंभराहून अधिक थंड सुरुवाती सोसल्या होत्या.

आम्ही कुलंटच्या टाकीतली पातळी पाहिली, ती जागेवर होती. म्हणजे गॅस्केट फुटून पाणी आत आलेलं नव्हतं. कुलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरही, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरही, ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गाडी चालवू नका, वर्कशॉपला फोन करा. काकांच्या गाडीत तसं काही नव्हतं. पुढच्या रविवारी ते यमुना एक्स्प्रेस-वेवरून काकूंना मथुरेला घेऊन गेले. परत आल्यावर झाकण बघितलं, तर जवळजवळ स्वच्छ. मार्चमध्ये त्यांनी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले.

दिल्लीच्या हवेचा उरलेला हिशेबही असाच आहे. एप्रिलपासून जूनपर्यंत धुळीची वादळं येतात आणि एअर फिल्टरवर ताण पडतो. पारा ४५ अंशांना टेकला की लोक पार्किंगमध्ये इंजिन आणि एसी चालू ठेवून बसतात. मीटर फिरत नाही, पण ऑइल भाजत राहतं. नोएडा मोडपाशी आणि चिल्ला बॉर्डरला संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये लाल दिव्याला इंजिन बंद करण्याची मोहीम सुरू केली, ती प्रदूषण कमी करण्यासाठी. आपल्या ऑइललाही तिचा फायदाच होतो.

आपली तारीख कशी ठरवाल?

पुस्तिका शेजारी ठेवा आणि आपल्या गाडीचा गेल्या महिन्यातला वापर आठवा. मग यातलं आपलं घर ओळखा.

*छोट्या फेऱ्यांची गाडी.* बहुतेक फेऱ्या सात-आठ किलोमीटरच्या आत, गाडी कधीकधी चार-चार दिवस उभी. ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने. आपल्याकडे महिनेच आधी भरतील. दोन आठवड्यांतून एकदा तरी गाडी डीएनडी किंवा मेरठ एक्स्प्रेस-वेवर अर्धा-पाऊण तास सलग चालवा. आत साचलेली वाफ बाहेर पडते आणि बॅटरीही चार्ज होते.

*रोज ऑफिसची गाडी.* मयूर विहार ते गुडगाव किंवा नेहरू प्लेस, रोज तास-दीड तास खोळंबत. इंजिन तापतं, म्हणून पाण्याचा प्रश्न कमी. पण इंजिनाचे तास किलोमीटरपेक्षा खूप जास्त भरतात. हीसुद्धा खडतर वापरातच मोडते. ५,००० ते ७,५०० किलोमीटरच्या दरम्यान बदला. त्यापुढे नेऊ नका.

*हायवेची गाडी.* महिन्याला दोनदा आग्रा, जयपूर किंवा डेहराडून. शहरात कमी. पुस्तिकेतली नेहमीची मुदत पुरेशी आहे. लवकर बदलून विशेष काही हाती लागत नाही.

*सीएनजी गाडी.* दिल्लीत या गाड्या भरपूर. गॅस स्वच्छ जळतो, त्यामुळे ऑइल बराच काळ सोनेरी दिसतं. रंगावर भुलू नका. आतली उष्णता ऑइलला झिजवतच असते. तारीख आणि किलोमीटर पाळा.

*डिझेल गाडी.* बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला गाडीला थोडा वेळ सलग वेग लागतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती जळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली, तर आनंद मानू नका, वर्कशॉपमध्ये दाखवा. अशा गाडीला डीपीएफला चालणारं, कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. डिझेलचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

*टर्बो पेट्रोल.* छोटं इंजिन, मोठी ताकद आणि ऑइलवर जास्त उष्णता. इथे ऑइलचा दर्जा आणि मुदत दोन्हींत तडजोड नको.

आणि कुठल्याही गाडीला लागू असलेली शेवटची रेघ ही, की किलोमीटर कितीही कमी असोत, एक वर्षाच्या पुढे पहिलं ऑइल नेऊ नका. बाबांचं मन राखायला हजार-दोन हजारांनाच बदलायचं असेल आणि पुस्तिकेत मनाई नसेल, तर योग्य ग्रेडचं ऑइल घालून बदला. इंजिनाचं नुकसान होणार नाही, खर्च तेवढा वाढेल. पण तेच पैसे सहा महिन्यांनी खर्च केले, तर जास्त कामी येतात.

पहिले हजार किलोमीटर

ऑइल कधी बदलायचं याइतकंच महत्त्वाचं आहे ते नव्या गाडीशी पहिल्या महिनाभरातलं आपलं वागणं. दसऱ्याची गाडी घेऊन दिवाळीला थेट पुण्याला निघणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. साडेचौदाशे किलोमीटरचा रस्ता, आणि गाडीने अजून नोएडासुद्धा पाहिलेलं नसतं. जायला हरकत नाही. मात्र काही गोष्टी सांभाळा.

एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नका. क्रूझ कंट्रोल लावून बसण्याऐवजी वेग अधूनमधून बदलत राहा. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका आणि इंजिन फार ओरडू देऊ नका. मोठ्या गिअरमध्ये धापा टाकत चढावरही नेऊ नका. पहिले तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक लावायची वेळ येणार नाही एवढं अंतर पुढच्या गाडीपासून ठेवा, कारण ब्रेकचे पॅडही तेव्हा बसत असतात. सकाळी गाडी सुरू केली की पाच-दहा मिनिटं उभी तापवत ठेवायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट थांबा आणि हळू निघा. चालता-चालता ती लवकर तापते.

दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघायची सवय लावा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. पट्टी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. नवं इंजिन थोडं ऑइल खाऊ शकतं, म्हणून पातळी किंचित उतरली तर घाबरू नका, पण खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. वरच्या खुणेच्या वर भरणंही तितकंच वाईट. पुण्याच्या प्रवासाला निघण्याआधी आणि पोचल्यावर ही पट्टी बघितलीच पाहिजे.

कोणतं ऑइल?

डब्यावर ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. तो जितका लहान, तितकं ते जानेवारीच्या पहाटे लवकर वर पोचतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं ते सांगतो.

दिल्लीत हमखास ऐकू येणारा सल्ला असा, की "इथे गर्मी फार, कंपनीचं ऑइल पाण्यासारखं पातळ आहे, २०डब्ल्यू-५० घाला." हे ऐकू नका. बाहेर ५ अंश असोत की ४५, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून तापलेल्या इंजिनाचं पाणी ९० अंशांच्या आसपास राखतात. आजच्या इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक असतात आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. तिथे दाट ऑइल गेलं की ते वेळेवर पोचत नाही. पुस्तिकेत जी ग्रेड आणि जो दर्जा दिला आहे, तोच घ्या. पेट्रोल गाड्यांच्या डब्यावर एपीआय एसपी असं लिहिलेलं दिसेल. मे २०२० मध्ये आलेला हा दर्जा टर्बो इंजिनांत इंधनाने अवेळी पेट घेण्याच्या धोक्याचाही विचार करून ठरवला आहे.

ऑइल स्वतः विकत घ्यायचं असेल, तर पेट्रोल पंप किंवा कंपनीचा अधिकृत विक्रेता बरा. कश्मीरी गेटला सुट्या भागांचा मोठा बाजार आहे आणि तिथेही चांगला माल मिळतो, पण पक्कं बिल घेतल्याशिवाय डबा उचलू नका. सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख बघा. रिकामा झालेला डबा भोक पाडूनच टाका. खोटं ऑइल खऱ्याच रिकाम्या डब्यांतून विकलं जातं.

काउंटरवर उभं असताना

मुदतीआधी ऑइल बदलायचं असेल, तर सर्व्हिस ॲडव्हायझर कदाचित म्हणेल, "अजून वेळ आहे." त्याला पुस्तिकेतलं खडतर वापराचं पान दाखवा आणि जॉब कार्डवर तसं लिहून घ्या. ऑइलबरोबर फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालायला सांगा. जुन्या फिल्टरवर नवं ऑइल म्हणजे आंघोळ करून मळकेच कपडे घालणं. बिलावर ग्रेड, किती लिटर, तारीख आणि मीटरचा आकडा असायला हवा. छोट्या-मध्यम गाडीला साधारण तीन ते चार लिटर लागतं. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बिलावरचे लिटर जास्त असतील तर तिथेच विचारा. गाडी ताब्यात घेताना डिपस्टिक स्वतः काढून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली डाग पडलाय का तेही बघा.

बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का, हा प्रश्न नेहमी येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशात, केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही बजावलं होतं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या आणि वाद लांबला. म्हणून व्यवहारी सल्ला हा, की वॉरंटी असेपर्यंत तक्त्यातली सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच करा. मधला जादा ऑइलबदल बाहेर करायचा असेल, तर पुस्तिकेतल्या ग्रेडचंच ऑइल घाला आणि बिल जपून ठेवा. बिलावरून वाद झाला आणि वर्कशॉप दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जुनं ऑइल जातं कुठे?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. आपण यमुनेच्या काठावर राहतो. रस्त्याकडेला गाडी उभी करून ऑइल बदललं आणि काळं ऑइल गटारात सोडलं, तर ते नाल्यांतून यमुनेतच जातं. पाण्यावर त्याचा तवंग पसरतो आणि खालच्या जिवांना हवा मिळत नाही. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्यांवर ते परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारीही आली आहे. गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, "जुनं ऑइल कुणाला देता?" नीट उत्तर देणाऱ्याकडेच काम द्या. विचारणारी गिऱ्हाइकं वाढली की उत्तरंही सुधारतात.

दसरा आणि पाडवा हे दोन्ही साडेतीन मुहूर्तांतले. त्यांच्यामध्ये साडेपाच महिने असतात आणि त्यातच दिल्लीचा पूर्ण हिवाळा येतो. थंड सुरुवाती, धुकं, छोट्या फेऱ्या, पुण्याचा एखादा प्रवास, सगळं त्या ऑइलने सोसलेलं असतं. पाडव्याला गुढी उतरवल्यावर त्या आठवड्यात एक दिवस ऑइलसाठी ठेवा. पाडव्याला गाडी घेतली असेल, तर हाच हिशेब उलटा धरा. उन्हाळा, धूळ आणि पाऊस काढून दसऱ्याला गाडीची पूजा कराल, तेव्हा झेंडूची माळ घालण्याआधी ऑइल बदललेलं असू द्या.

यंदा पाडव्याला बाबांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना बिलाचा फोटो पाठवला. त्यावर मीटरचा आकडा होता २,१४०. ते म्हणाले, "पाचशेला नाही बदललंस?" मी म्हटलं, "नाही बाबा, सहा महिन्यांनी बदललं, पुस्तिका वाचून." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "आमच्या वेळी पुस्तिका कुणी वाचत नव्हतं. बरं केलंस."